लंडनला धावायला निघालेल्या मुलास

सातारा,
12 नोव्हेंबर 2025

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लंडन मॅरेथॉनसाठी तुम्हां दोघांचीही जागा निश्चित झाल्याचे तुझ्या पत्रावरून कळले. सोडतीत नशीब अजमावत न बसता अधिकृत प्रवासी कंपनीकडून जागा घेतलीत, हे बरे केलेत. आम्ही धावलो त्या 2025 च्या शर्यतीच्या सोडतीसाठी 8 लाख 40 हजारांहून अधिक अर्ज आले होते आणि आमच्यापैकी एकाचाही नंबर त्यात लागला नव्हता, हे तुला आठवत असेलच. तुझ्या पत्रातले एक वाक्य मात्र मी दोनदा वाचले. ‘मी पूर्ण 42 किलोमीटर तिच्याच पेसने, तिच्या शेजारीच धावणार आहे,’ असे तू लिहिले आहेस. हे सूनबाईला विचारून लिहिलेस की तुझे तूच ठरवलेस?

तुझ्या बाबांनीही मला हेच सुचवले होते आणि त्यांचा हेतू चांगलाच होता. पण शेजारचा माणूस दर दोन मिनिटांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहू लागला की माझे पाय जड होतात, हे मी यवतेश्वर घाटातल्या सरावात पुरेपूर अनुभवले होते. त्यांच्या आणि माझ्या चालीत, म्हणजे पेसमध्ये, किलोमीटरमागे साधारण दोन मिनिटांचा फरक पडतो. हा फरक घाटातल्या दहा किलोमीटरच्या फेरीत खपून जातो, पण पूर्ण मॅरेथॉनमध्ये तो जवळपास दीड तासाचा होतो, आणि ज्याचे पाय वेगळ्या लयीला सरावलेले आहेत त्याला हा जादा दीड तास रस्त्यावर काढणे सोबतीपेक्षा शिक्षाच अधिक वाटते. शिवाय तो उपकार केल्यासारखा शेजारी चालला आहे हे जिला सतत जाणवते, ती मोकळेपणाने थांबून पाणीसुद्धा पीत नाही. मी म्हणूनच नाही म्हटले. ते दोन दिवस घुम्यासारखे वावरले आणि तिसऱ्या दिवशी स्वतःचा वेगळा सराव-तक्ता करून तो फ्रिजवर चिकटवून मोकळे झाले.

लंडनची पहिली मॅरेथॉन 29 मार्च 1981 रोजी झाली. त्या दिवशी अमेरिकेचा डिक बियर्डस्ली आणि नॉर्वेचा इंगे सिमॉन्सन या दोघांनी एकमेकांचे हात धरून 2 तास 11 मिनिटे 48 सेकंदांत शेवटची रेषा ओलांडली आणि पहिला क्रमांक दोघांचा मिळून ठरला. सोबतीचा दाखला म्हणून ही हकिकत नेहमी सांगितली जाते, पण ती सांगणारे एक गोष्ट विसरतात. त्या दोघांनी हात धरले ते अगदी शेवटी. तोवर दोघेही एकमेकांना मागे टाकण्यासाठीच धावत होते.

बहुधा तुम्हांला शेजारी उभे राहता येणारही नाही, कारण या शर्यतीची सुरुवात एका ठिकाणाहून होत नाही. प्रत्येकाला एक रंग आणि एक वेव्ह, म्हणजे ठरावीक वेळेला सोडायची तुकडी, ठरवून दिलेली असते. बाबांचा रंग निळा होता, त्यामुळे त्यांना ब्लॅकहीथला जायचे होते; माझा लाल, म्हणजे ग्रीनिच पार्क. सकाळी आम्ही वेगवेगळ्या गाड्यांत बसलो. ते सव्वादहाला निघाले आणि मी अकरा वाजून गेल्यावर. निरनिराळ्या रंगांचे रस्ते साधारण पाच किलोमीटरच्या आसपास वूलिचकडे एकत्र येतात आणि तिथपर्यंतचा बराचसा भाग उताराचा आहे. याच उतारावर सगळे हुरळून वेगात पळतात आणि त्याची वसुली तिसाव्या किलोमीटरनंतर होते, तेव्हा हे दोघेही ध्यानात ठेवा. कॅनरी व्हार्फच्या उंच इमारतींमध्ये घड्याळाचे जीपीएस भलतेच आकडे दाखवते, त्यावर विसंबू नका.

आता ‘द हायवे’ नावाच्या रस्त्याविषयी सविस्तर लिहिते. टॉवर ब्रिज ओलांडल्यावर रस्ता उजवीकडे वळतो. तिथे अर्धे अंतर संपवून पूर्वेकडे निघालेले धावक एका बाजूने जातात आणि पस्तीस किलोमीटर पुरे करत आलेले दुसऱ्या बाजूने परततात. दोन्ही प्रवाहांमध्ये अडथळे लावलेले असतात. आम्हां दोघांच्या निघण्याच्या वेळा आणि पेस मांडून, दुपारी दोनच्या सुमारास आम्ही इथे समोरासमोर येऊ, हा हिशेब तूच पुण्यात बसून केला होतास, आणि तो दहा मिनिटांच्या फरकाने खरा ठरला. मी टॉवर ब्रिजपासूनच समोरून येणाऱ्यांचे चेहरे पाहत होते. ते दिसले तेव्हा धावत नव्हते. उजवी पोटरी धरून, खाली रस्त्याकडे पाहत, लंगडत चालले होते. मी ‘अहो’ म्हणून हाक मारली. मग पुन्हा मारली, अधिक मोठ्याने. दुतर्फा प्रेक्षकांचा एवढा गलका होता की त्यात ती विरून गेली, आणि तशीही ‘अहो’ ही हाक हजारो माणसांच्या गर्दीत कुणाला ओळखू येणार? शेवटी मी अडथळ्याला टेकून, संसाराच्या एकतीस वर्षांत कधी घेतले नव्हते ते त्यांचे नाव घेतले, आडनावासकट, खड्या आवाजात. त्यांनी दचकून मान वर केली. काय झाले असे मी हातानेच विचारले, तर उत्तर देण्याऐवजी त्यांनी मला पुढे जाण्याची खूण केली, आणि ते कमालीचे हसत होते. त्यानंतरचे पाच-सहा किलोमीटर माझे पाय कसे पडले ते मला कळलेसुद्धा नाही.

त्यांच्या पोटरीचे कारण मात्र शनिवारी, शर्यतीच्या आदल्या दिवशी, घडले होते. आम्ही गुरुवारी एक्सेल सेंटरमधल्या एक्स्पोत, म्हणजे शर्यतीच्या प्रदर्शनात, जाऊन, पासपोर्ट दाखवून बिब, म्हणजे छातीवर लावायचा धावकाचा नंबर, घेतले होते (ते स्वतःच जाऊन घ्यावे लागते, दुसऱ्याला पाठवून चालत नाही) आणि शनिवार केवळ विश्रांतीचा ठरला होता. पण इतका खर्च करून आलो आहोत तर निदान ब्रिटिश म्युझियम तरी पाहू, असे म्हणून हे मला घेऊन निघाले, आणि संध्याकाळी त्यांच्या घड्याळात अठरा हजार पावले होती. मी दुपारीच बाकावर बसकण मारली होती, म्हणून वाचले. जोडीने प्रवास करताना एकाची हौस दुसऱ्यालाही ओढून नेते. तेव्हा पाहायचे ते सगळे सोमवारनंतर पाहा आणि तशीच परतीची तिकिटे काढा. शनिवारी रात्री साधा भात आणि इथून नेलेले मेतकूट यांपलीकडे काही खाऊ नका. हॉटेलच्या खोलीत कुकर लावायला मनाई असते, तेव्हा भात कुठे मिळेल ते आधीच पाहून ठेवा.

शर्यतीनंतर एकमेकांना शोधणे सर्वांत कठीण आहे. माझा फोन चाळिसाव्या किलोमीटरच्या आधीच बंद पडला होता. हॉर्स गार्ड्स परेडजवळ इंग्रजी अक्षरांच्या पाट्या लावलेल्या असतात आणि बहुतेक लोक आपल्या आडनावाच्या अक्षराखाली थांबतात, त्यामुळे काही पाट्यांखाली जत्रा भरते. आम्ही ‘झेड’ ठरवले होते. सहा तासांना चार मिनिटे कमी असताना मी द मॉलवरची रेषा ओलांडली आणि त्या पाटीखाली गेले, तेव्हा तुझे बाबा दीड तासापासून तिथे पोटरी पसरून बसले होते आणि माझ्यासाठी ठेवलेल्या केळ्यांपैकी एक त्यांनी खाल्ले होते. ‘नाव फार छान घेतलेस,’ एवढेच ते म्हणाले.

तेव्हा सूनबाईला आधी विचार. तिला तू शेजारी हवा असशील तर खुशाल धाव, मी कोण बोलणार. पण तिला तसे नको असेल, तर रुसून बसू नकोस. तुमचे रंग आणि वेव्ह कळल्या की मला कळव, म्हणजे हायवेवरचा हिशेब या वेळी मी करीन.

आणखी एक. सुरुवातीच्या जागी पहाटेपासून थंडीत ताटकळावे लागते, म्हणून जुने गरम कपडे घालून जायचे आणि निघताना ते तिथेच सोडायचे. ते पुढे धर्मादाय संस्थांना दिले जातात. बाबांनी त्यांचा तपकिरी स्वेटर सोडला नाही. त्या दिवशी ऊन कडक असतानाही तो कमरेला बांधून शेवटपर्यंत वाहिला. तो मी तुमच्या सामानात भरून देणार आहे. ग्रीनिचला मात्र तो सूनबाईच्या हाती दे. तुझ्या हातून काही तो टाकला जायचा नाही.

तुझी,
आई