जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुना संगणक तारीख विसरतो, हार्ड डिस्क ओळखत नाही किंवा सुरूच होत नाही, एवढ्यावरून तो भंगारात काढला जातो. प्रत्यक्षात अनेकदा त्यातला फक्त स्मृती जपणारा सेल संपलेला असतो. १९९०च्या दशकातील कितीतरी मदरबोर्डांवर डॅलस सेमीकंडक्टरची डीएस१२८७ ही चिप असे. घड्याळ, क्वार्ट्झ स्फटिक, लिथियम सेल आणि संगणकाची मांडणी लक्षात ठेवणारी ५० बाइटची स्मृती हे सारे तिच्यात एकत्र बंद केलेले असते. वीज नसताना सुमारे दहा वर्षे माहिती टिकावी, या हिशेबाने ती बनवलेली होती आणि तो काळ केव्हाच उलटून गेला आहे.

सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या स्पार्कस्टेशन या संगणकांमध्ये नुकसान अधिक होते, कारण तेथे एम४८टी०२ किंवा त्याच वर्गातील चिपमध्ये संगणकाचा इथरनेट पत्ता (नेटवर्कवर तो ओळखू येण्यासाठीचा आकडा) आणि ओळख क्रमांकही साठवलेला असतो. सेल संपला की पत्त्याच्या जागी नुसते ‘एफएफ’ दिसू लागतात. नवी चिप मिळते, पण ही माहिती तिच्यात आपल्यालाच भरावी लागते. म्हणून संगणक चालू असतानाच, सुरुवातीला पडद्यावर येणारे हे दोन्ही आकडे उतरवून घेणे, हे दुरुस्तीतले सर्वांत महत्त्वाचे काम आहे असे मी मानतो आणि नेमके तेच सर्रास राहून जाते.

जुन्या साठ्यातील तशीच सीलबंद चिप आणून बसवणे हा उपाय मला पटत नाही, कारण तिच्यातला सेलही पडून पडून जुना झालेला असतो. त्यापेक्षा डीएस१२८७च्या कडेचे इपॉक्सी, म्हणजे चिपवरचे कडक आवरण, कानशीने हळूहळू घासत जावे. १६ आणि २० क्रमांकाचे पाय आत वर वळवलेले असतात. त्यांचा धातू चमकू लागला की घासणे थांबवावे, संपलेल्या सेलची जोडणी तोडावी आणि १६ला ऋण, २०ला धन अशा तारा डाग देऊन तीन व्होल्टच्या सीआर२०३२ सेलच्या होल्डरला जोडाव्यात. चिप थेट बोर्डावर डागलेली असेल, तर ती काढल्यावर तेथे सॉकेटच बसवावे. पुढच्या वेळी सेल कोणालाही बदलता येतो.

संग्रहालयांना आणि ज्या संस्थांकडे असे संगणक पडून आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, यंत्र मोडीत काढण्याआधी एवढी तपासणी करावी. आणि सेल बदलल्यास त्याची तारीख व उतरवलेले आकडे कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावा.

आपला विश्वासू,
जुन्या संगणकांचा एक संग्राहक