धूर धुणारी बाय

पोर्सग्रुन, नॉर्वे
१८ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न.

परवा फोनवर तुम्ही शेजारच्या काकूंना सांगत होतात, "आमची बाय तिकडे धूर धुते." हसले खरी, पण याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं. तरी एकदा नीट लिहिते. मे महिन्यात सावंतवाडीहून आत्या आली की तिलाही वाचून दाखवा, ती दर वेळी विचारते.

मामाची काजूच्या दारूची भट्टी डोळ्यांपुढे आणा. आमच्याकडे रस उकळणारं भाण आणि दारू जमवणारी लवणी यांच्या जागी दोन उंच मनोरे. पहिल्यात खालून कारखान्याचा धूर चढतो आणि वरून द्रावण झिरपत उतरतं. द्रावण म्हणजे पाणी आणि त्यात साधारण ३० टक्के मोनोइथेनॉलअमाइन. वास अमोनियासारखा, नाकात बसतो. ४० अंशांच्या आसपास ते धुरातला कार्बन डायऑक्साइड धरतं, बाकीचा धूर, बहुतेक नायट्रोजनच, वरून निघून जातो. दुसऱ्या मनोऱ्यात तेच द्रावण १२० अंशांपर्यंत तापवलं की वायू सुटतो, आणि रिकामं झालेलं द्रावण थंड करून पुन्हा पहिल्यात. ही युक्ती जुनीच, १९३० सालचं पेटंट आहे.

मग आम्ही एवढे लोक कशाला, असं तुम्ही म्हणाल. बाबा, धरणं सोपं आहे, सोडवणं महाग. एक टन वायू सोडवायला ३.५ ते ४ गिगाज्यूल उष्णता जाते. मामाच्या भाषेत पाव टन सुकी लाकडं, तीही कण वाया न घालवता! म्हणून कमी जाळात सोडणारं द्रावण आम्ही शोधतो. एमडीईए नावाचं त्याच जातीचं एक रसायन (अमाइन) वायू सैल धरतं, त्यामुळे सोडतंही लवकर. पण धरायला फार मंद. त्यात पिपरॅझिन नावाचं दुसरं अमाइन थोडं घातलं की काम पटापट होतं. पिपरॅझिन म्हणजे आपल्या वाळपई-पणजी बसचा कंडक्टर समजा: दारातल्या माणसाला आत ओढतो, "फाटीं वच, फाटीं वच" करत मागे सरकवतो, की पुन्हा दारात हजर. बसायची जागा मात्र एमडीईएची.

गेल्या महिन्यात माझ्या हातून गरम मनोऱ्याचं तापमान वर गेलं. रंगहीन द्रावण बिनदुधाच्या चहासारखं झालं, दोन आठवडे फुकट. साहेब ओरडला नाही, नुसता बाटलीकडे बघत राहिला. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं. जाळ वाढला की हुर्राक, म्हणजे काजूची पहिली दारू, करपते, हे मामा लहानपणापासून सांगतोय, आणि मी पदवी घेऊन तेच केलं.

इथून जवळच ब्रेविकला सिमेंटचा कारखाना आहे. तिथे २०२५ पासून वर्षाला ४ लाख टन वायू धरायची सोय झाली आहे, म्हणजे कारखान्यातून निघणाऱ्या वायूच्या निम्मा. द्रावण तापवायला कारखान्याचीच वाया जाणारी उष्णता वापरतात. मग तो वायू द्रवरूप करून जहाजाने पश्चिम किनाऱ्याला नेतात आणि नळाने समुद्रतळाखाली २,६०० मीटर खोल सोडतात. कोळशाच्या वीजकेंद्रांना हे शेपूट जोडून कोळसा चालूच ठेवायचा, हे मला पटत नाही. सिमेंटचं वेगळं. तिथे निम्म्याहून जास्त वायू चुनखडीच्या दगडातूनच निघतो, इंधन कुठलंही जाळा. शिंपले भाजून चुना करायचे तेव्हाही हेच व्हायचं. आईने तुळशीवृंदावनाला दिलेला चुना मात्र हवेतला तोच वायू हळूहळू परत घेतो आणि दगडासारखा घट्ट होतो. आईला सांगा, ती माझ्याआधीपासून या धंद्यात आहे.

इथे अजून हातमोजे लागतात. पाठवलेली आमसुलं संपत आली. आणि मामाला विचारून कळवा, एका भाणाला लाकडं किती लागतात? चेष्टा नाही, खरंच आकडा हवा आहे.

तुमची,
बाय