गोऱ्ह्याचं काय होतं, तेही छापा

मा. संपादक,
स.न.

युरोपात कोवळ्या मांसासाठी वासरं लाकडी पेटीत कोंडतात, असं एका वाचकाने आपल्या सदरात लिहिलं आहे. ही माहिती जुनी झाली. ब्रिटनने १९९० पासून आणि युरोपीय संघाने २००७ पासून त्या पेट्या बंद केल्या. आता तिथे आठ आठवड्यांनंतर वासरू एकटं ठेवता येत नाही, दोन आठवड्यांपासून चारा द्यावाच लागतो आणि दूध पाजायचा तासभर सोडला तर बांधायचंही नाही. तरी मांस फिकट दिसावं म्हणून लोह बेताचं ठेवून दूधपावडर पाजतात आणि सहा-आठ महिन्यांत कापतात. आयर्लंडची दोन-तीन आठवड्यांची वासरं बोटीने फ्रान्समार्गे हॉलंडला जातात, हे वाचूनच पोटात कालवतं.

पण ‘आपल्याकडे असं पाप नाही’ हे त्यांचं वाक्य गिळवेना. मी होल्स्टिन या विदेशी दुधाळ जातीच्या संकरित गायींचा गोठा सांभाळते. हॉलंडचं ते वासरू आणि माझ्याकडचा गोऱ्हा, म्हणजे गायीचं नर वासरू, एकाच रक्ताचे. याला वशिंड नाही, त्यामुळे जू टिकत नाही. उन्हात धापा टाकतो. रोज तीन लिटर पाजलं, तर लिटरला तीस रुपये धरूनही महिन्याचे सत्तावीसशे झाले. मार्च २०१५ पासून राज्यात गोवंश कापायला बंदी, म्हणून बाजारात कुणी विचारत नाही. मग चीक कालवडीला पोटभर आणि गोऱ्ह्याला चाटवण्यापुरता. हगवण लागली तर डॉक्टर बोलावत नाहीत. डोळे खोल जातात, कान गार पडतात, हातभर दाव्यालाच मान टाकतो. जगलाच तर रात्री कुणाच्या तरी टेम्पोतून हायवेला नेऊन सोडतात. टोणग्याला, म्हणजे म्हशीच्या नर पिल्लाला, ती बंदी लागू नाही, पण तोही दुधावाचून महिना-दोन महिन्यांत जातो. आमच्या पट्ट्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

शंभरात नव्वद कालवडी होतील अशी रेताची कांडी (कृत्रिम रेतनासाठीची वीर्याची नळी) आता निघाली आहे. गाभ राहण्याचं प्रमाण थोडं कमी, म्हणून ती बहुतेक कालवडींनाच भरतात. पण गाय माजावर आली की नेमकी ती शिल्लक नसते आणि साधीच भरली जाते. दूध संघांनी ती प्रत्येक संकलन केंद्रावर ठेवावी, त्यासाठी ग्राहकाकडून लिटरमागे दहा पैसे घ्यावेत. पुण्या-मुंबईच्या वाचकांची हरकत असेल तर त्यांनी याच सदरात कळवावं.

– एक दूध उत्पादक, ता. संगमनेर