विषय : नॅरोबोटीचं सदोष वीड हॅच आणि कापून घेतलेली अनामत

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

आज दुपारी तुमच्या पुण्याच्या मदतकेंद्राशी पाचव्यांदा बोलणं झालं. ‘वीड हॅच तुम्हीच नीट बंद केलं नाही, १५० पौंडांची अनामत मिळणार नाही,’ असं सांगून फोन ठेवला गेला. म्हणून आता लेखी तक्रार करत आहे.

तुमच्याकडून भाड्याने घेतलेल्या नॅरोबोटीचं, म्हणजे कालव्यातल्या अरुंद बोटीचं, ते हॅच नीट बंद होतच नव्हतं. वीड हॅच म्हणजे प्रॉपेलरमध्ये अडकलेलं गवत काढण्यासाठी त्याच्या वर असलेली पेटी. तिचं झाकण आडवी पट्टी आणि मधल्या स्क्रूने दाबून बसवायचं असतं. झाकणाखालचं रबर एका कोपऱ्यात चार इंच फाटलेलं होतं, उरलेलं वाळून कडक झालं होतं. स्क्रूचे आटे झिजलेले. शेवटी तो आवळलाच जात नव्हता, नुसता फिरत होता. बोट ताब्यात देताना इंग्लंडमधल्या चेशरच्या तळावर हे झाकण उघडून दाखवलं नाही. वीस मिनिटांत सगळं उरकलं.

मदतकेंद्र शेवटपर्यंत स्टर्न ग्लँडला, म्हणजे प्रॉपेलरचा दांडा बाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या भागाला, दोष देत राहिलं. ग्लँड गळत असेल तर बोट उभी असतानाही थेंब पडतात आणि त्यात ग्रीस भरणारा ग्रीसर घट्ट लागेपर्यंत फिरवला की ते कमी होतात. ग्रीसर रोज संध्याकाळी फिरवला होता, ग्लँड कोरडा होता. पाणी यायचं ते गिअर टाकल्यावरच, आणि रेव्हज, म्हणजे इंजिनाचे फेरे, वाढवल्या की जास्त. हे हॅचचंच लक्षण आहे. त्यातून आम्ही ज्यातून जात होतो त्या लँगोलेन कालव्याला प्रवाह आहे. डी नदीचं पाणी हर्लस्टनच्या जलाशयाकडे वाहत असतं. वेल्समधल्या लँगोलेन गावाकडे जाताना त्याच्या विरुद्ध जावं लागतं, अरुंद जागी रेव्हज वाढवाव्याच लागतात. बोटीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाला आपोआप चालू करणारा फ्लोट स्विच अडकलेला होता, त्यामुळे दर अर्ध्या तासाने पंप हाताने चालू करावा लागे.

वाटेत चर्क बँक या ठिकाणी बोट बांधून तिसरा फोन केला तेव्हा इंजिनखाली चार इंच पाणी होतं. तुमचा प्रतिनिधी म्हणाला, “साहेब, बोट पाण्यात आहे म्हटल्यावर थोडं पाणी आत येणारच ना!” गिअर टाकल्यावरच पाणी येतं, हे त्याला पुन्हा समजावलं. त्यावर प्रश्न आला, “याआधी कधी बोट चालवली आहे का?” चालवली आहे, असं सांगितल्यावर, “मग घाबरता कशाला? कालवा चार फूट खोल आहे, बुडणार कोण? पुढे चला, लँगोलेनला मेकॅनिक मिळेल.”

पुढे म्हणजे कुठे? तिथून लगेच चर्कचा जलसेतू, म्हणजे कालवा दरीवरून नेणारा पूल, आणि त्याला लागून ४२१ मीटरचा बोगदा. नंतर पाँटकसिल्टे : १८०५चा जलसेतू, नदीपासून ३८ मीटर उंच, लोखंडी कुंडातून जाणारा, एका बाजूला कठडाच नाही. पाणी भरून बोटीचं मागचं टोक खाली बसलं की बाजूची हवेची भोकं पाण्याखाली जातात. मग पंप पुरत नाही, बोट काही मिनिटांत बुडते. आणि बोट वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या हौदात, म्हणजे लॉकमध्ये, तो भरलेला असताना पाणी चार फूट नसतं. हे ठाऊक नसलेला माणूस तुम्ही मदतकेंद्रात कसा बसवता? आम्हाला भीती वाटली म्हणून नाही, तो सल्ला धोक्याचा होता म्हणून हे लिहीत आहे.

‘तासाभरात’ येणारा मेकॅनिक पाच तासांनी आला. फाटक्या रबरावरच सिलिकॉन लावून गेला. आटे झिजलेला स्क्रू तसाच. दुसऱ्या दिवशी न्यू मार्टनच्या लॉकपाशी परत पाणी. स्क्रू आवळलाच जात नसताना झाकण ग्राहकाने नीट बसवलं नाही, हे तुम्ही कोणत्या आधारावर म्हणता? रबराचे आणि स्क्रूचे तारीखवार फोटो सोबत जोडले आहेत. तिसऱ्या फोननंतर लगेच ते तुम्हाला पाठवले होते. कोणी उघडूनही पाहिले नाहीत.

बोटीच्या सुरक्षा प्रमाणपत्राचा दाखला देऊ नका. ते चार वर्षांसाठी असतं, रबर एका हंगामात खराब होतं. ते दर फेरीनंतर तपासायला हवं.

या तीन गोष्टी पंधरा दिवसांत हव्यात : १५० पौंड परत, वाया गेलेल्या दीड दिवसाचं भाडं परत, आणि त्या बोटीचं रबर, स्क्रू व फ्लोट स्विच बदलल्याचा लेखी दाखला. तो मिळेपर्यंत ती बोट दुसऱ्या कुटुंबाला देऊ नका. नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल होईल, आणि हेच फोटो बोटींना परवाने देणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टकडेही जातील.

तुमच्या माहितीपत्रकात ‘कुटुंबासाठी निवांत जलप्रवास’ असं छापलं आहे. त्यावर विश्वास ठेवूनच पैसे भरले होते.

सोबत : आठ फोटो, फोनच्या नोंदी, अनामतीची पावती.