कोंबड्यांच्या पायाखाली काय घालाल?

संपादक महोदय,

परसातल्या कोंबड्यांविषयी शेतीच्या पानांवर जाती, खाद्य, लसीकरण यांबद्दल पुष्कळ छापून येते. त्या दिवसभर जी जमीन उकरतात, तिच्याबद्दल क्वचितच. कोकणात पावसाळ्यात पिल्ले मरू लागली की जातीला नाहीतर औषधाला बोल लावला जातो. पुष्कळदा दोष ओल्या जमिनीचा असतो. रक्ती हगवणीच्या परजीवीची अंडी विष्ठेतून पडतात आणि ऊब व ओल मिळाली की एक-दोन दिवसांत बाधा करण्याजोगी होतात. फिनेलला ती दाद देत नाहीत. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना त्यांचा धोका सर्वाधिक.

मग अनेकजण सरळ कोबा घालून मोकळे होतात. रात्रीच्या खुराड्यात कोबा उत्तमच: घूस खालून उकरून येत नाही आणि धुताही येतो. मोकळ्या आवारात मात्र तो नको. कोंबडीला उकरायला काही उरत नाही, मे महिन्यात तो तापतो, पावसात शेवाळतो, आणि खरबरीत सिमेंटवर तळवा सोलवटून पायात गळू होते. शेणाने सारवलेली जमीन अंगणाला शोभते, पण कोंबड्या ती दोन दिवसांत उकरून ठेवतात.

दहा कोंबड्यांसाठी १० बाय १० फुटांचे आवार धरू. पहिली चूक म्हणजे खड्डा खणून त्यात खडी भरणे. पावसाळ्यात त्याचा हौद होतो. जमीन खणू नका, उचला. भोवती चिऱ्यांचा एक थर लावा, उताराच्या बाजूला फटी ठेवा, आणि आतल्या जमिनीला दहा फुटांत अडीच इंच उतार द्या. त्यावर २० मिमी खडीचा चार इंच थर, म्हणजे साधारण एक तृतीयांश ब्रास. खडीवर शेडनेटची दुहेरी घडी अंथरावी, नाहीतर वरचा थर एका पावसाळ्यात खडीत मुरतो. गोणपाट चालत नाही, कुजते. शेडनेटवर मात्र कायम किमान चार इंच भर हवी. ते उघडे पडले की धागे नख्यांत अडकतात.

हे सगळे करूनही चिखल झाला तर वर पाहा. दिवसाला १०० मिमी पाऊस कोकणाला नवा नाही, आणि तेवढ्या पावसात १०० चौरस फूट पत्र्यावरून ९०० लिटरहून जास्त पाणी उतरते. ते सगळे पागोळ्यांवाटे आवारात पडत असेल तर खालची खडी काय करणार? आधी पन्हळ लावा, मग खडीचा खर्च करा.

सर्वांत वरचा थर छप्पर आहे की नाही यावर ठरतो. छपराखाली धुतलेली भरड वाळू चार-पाच इंच चांगली: विष्ठा चाळून काढता येते आणि कोंबड्या तिच्यात धूळस्नान करतात. न धुतलेली क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, घेऊ नये; तिच्यातली भुकटी ओली होऊन घट्ट बसते आणि पाणी वरच तुंबते. उघड्यावर तर कोणतीच वाळू नको, पावसात विष्ठा तिच्यात मुरून कुजका वास सुटतो. तिथे लाकडाच्या ढलप्या, नारळाच्या सोडणांचे तुकडे, सुका पाला असे भरड काहीतरी सहा इंच टाकावे आणि खाली बसेल तशी भर घालावी. भाताचा पेंढा टाळा. त्याची चटई होते, खाली बुरशी धरते, आणि लांब काड्या गिळल्या तर अन्नपिशवी तुंबते.

खुराड्यात तूस तीन इंच. रंध्याच्या ढलप्याही चालतात, पण प्लायवुड कापल्याचा भुसा नको. मूठभर तूस दाबून पाहावे: गोळा तसाच राहिला तर ओले, किंचित धरून लगेच सुटले तर ठीक, अजिबात धरले नाही आणि धूळ उडाली तर फार कोरडे. वास घ्यायचा तो वाकून, कोंबडीच्या उंचीवर. उभ्या माणसाला अमोनिया उशिरा कळतो. पाण्याच्या भांड्याभोवती नेहमी आधी भिजते, म्हणून भांडे विटांवर, कोंबडीच्या पाठीइतके उंच ठेवावे.

तुसाच्या ओल्या गादीवर चुना मारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. चुन्याने गादी अल्कधर्मी होते आणि अमोनिया उलट जास्त सुटतो. चुना रिकाम्या कोब्यावर, कोंबड्यांची एक तुकडी गेल्यावर दुसरी येण्याआधी. कोंबड्या आत असताना ओला भाग फावड्याने काढून कोरडे तूस टाकणे एवढाच मार्ग.

आणि क्षमा करा, पण पिल्लांखाली वर्तमानपत्र अंथरू नये. गुळगुळीत कागदावर त्यांचे पाय फाकतात ते पुढे सरळ होणे कठीण. अंथरायचेच तर चुरगाळून, तेही पहिले एक-दोन दिवस.

काढलेली गादी ताजी झाडाला घालू नका, मुळे भाजतात. आवारापासून दूर ढीग करून झाकावी, अधूनमधून उलटावी, आणि तीन-चार महिन्यांनी माडाच्या आळ्यात टाकावी.

– एक वाचक, चिपळूण