आईच्या चहातली साखर

सातारा

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू चिडलीस आणि मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो. आईच्या चहातली साखर मी बंद करणार नाही. डॉक्टरांना विचारलं आहे, तिला डायबिटीस नाही.

‘साखर बंद केली की कॅन्सरची गाठ उपाशी मरते’ या तुला आलेल्या मेसेजमध्ये अर्धं खरं आहे. ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच दाखवलं होतं, की कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी ग्लुकोज, म्हणजे रक्तातली साखर, भरमसाट ओढतात आणि ऑक्सिजन असतानाही त्याचं लॅक्टिक आम्ल करतात. आईचं पेट (PET) स्कॅन, म्हणजे गाठ कुठे आहे ते दाखवणारी तपासणी, त्यावरच चालतं. पण चहातून साखर आली नाही तर यकृत ती तयार करतं, आणि जेवणच कमी पडलं तर त्यासाठी स्नायू मोडले जातात. उपासमार आईची होईल, गाठीची नाही. केमो सुरू झाल्यापासून तिचं वजन ५२ वरून ४७ वर आलंय, हे तुला सांगितलं नव्हतं.

तू रडत विचारलंस, तंबाखू नाही, लठ्ठपणा नाही, मग आईलाच का, आणि साठीतच का? आईलाच का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. साठीचं थोडं कळतं. वय वाढतं तशा पेशींच्या जनुकांत चुका साठतात, एवढंच आम्ही शिकलो होतो. मी ३४ वर्षं लॅबमध्ये रक्त यंत्रात फिरवून सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, वेगळं काढलं. तरुणाचं काय, म्हाताऱ्याचं काय, ट्यूबमध्ये ते सारखंच पिवळसर दिसतं. म्हणून २०२० साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेला न्यूयॉर्कच्या संशोधकांचा प्रयोग वाचून मी थक्क झालो. त्यांनी कॅन्सरच्या पेशी काही तिशीच्या आतल्या निरोगी माणसांच्या सीरममध्ये वाढवल्या, काही साठीपुढच्या. साठीपुढच्या बहुतेक सीरममध्ये त्याच पेशी लांबट झाल्या, एकमेकींना सोडून हलू लागल्या, औषधांना दाद देईनात. उंदरांत त्या फुप्फुसात जाऊन वसल्या. पेशी त्याच, फक्त त्यांच्या भोवतालचं सीरम उतारवयाचं होतं.

त्या सीरममध्ये एक पदार्थ जास्त सापडला, मिथिलमॅलोनिक आम्ल. काही प्रथिनं आणि काही स्निग्ध पदार्थ मोडताना प्रोपिओनेट तयार होतं आणि त्याची पुढची वाट बी-१२ जीवनसत्त्वावर चालणाऱ्या एका एन्झाइममधून, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनातून, जाते. उतारवयात ही वाट तुंबते आणि आम्ल साठतं. ते पेशीतलं सॉक्स-४ हे जनुक जागं करतं आणि पेशी फिरस्ती होते. म्हणजे म्हातारपण नुसती झीज नव्हे, शरीराचा रोजचा कारखानाच निराळा चालू लागतो.

हे वाचून तू बी-१२ च्या बाटल्या मागवशील, म्हणून आधीच सांगतो. बी-१२ कमी असलं तरी हे आम्ल वाढतं, त्या कमतरतेची खूण म्हणून तर ते मोजतात. पुण्यात आणि आसपासच्या गावांत मधुमेहाचे संशोधक डॉ. याज्ञिक यांच्या गटाने मध्यमवयीन पुरुष तपासले, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश लोकांत बी-१२ कमी निघालं होतं. तूही शाकाहारी आहेस, तर तपासून घे आणि कमी असेल तर रक्तासाठी, नसांसाठी घे. पण त्याने कॅन्सर टळतो असं कुणी सिद्ध केलेलं नाही. तो प्रयोग बशीतल्या पेशींवर आणि उंदरांवर झाला, आईवर नाही.

परवा रात्री तिने मला विचारलं, "मी आयुष्यभर उपास केले, त्याने तर हे झालं नसेल ना?" मुक्ता, तिला असं वाटतंय, आणि त्यात आपण तिच्या ताटाकडे बोट दाखवायचं? मी तिला नाही म्हणून सांगितलं. तूही फोन केलास की तेच सांग, खाण्याचा विषय काढू नकोस. पुढची केमो मंगळवारी आहे, त्याआधी तिचं वजन आणखी उतरू द्यायचं नाही.

काल तिने आपणहून कंदी पेढा मागितला. मी जाऊन ताजे आणले. अर्धाच खाल्ला, उरलेला उद्यासाठी वाटीत झाकून ठेवलाय.

तुझा,
बाबा