पोकलेनवाल्या दादांना

दादा,

नाव लिहीत नाही, ठेकेदाराच्या डोळ्यांवर यायला नको. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरजवळच्या खोदाईवरचं कुणीतरी हे तुम्हाला वाचून दाखवेलच.

लेव्हल घ्यायची, म्हणजे जमिनीची उंची मोजायची, तर स्टाफ (मोजमापाची उंच पट्टी) धरणारा हेल्पर मशीन आणि पत्र्याच्या कुंपणाच्या मधे जाणार. मशीन फिरलं की पुढच्या बकेटकडे सगळ्यांचं लक्ष. मशीनचा तोल सांभाळणारं मागचं जड काउंटरवेट फिरताना कुणी बघत नाही, आणि माणूस चेपला जातो तो तिथेच.

आधीच्या साइटवर कुणाला फिकीर नव्हती. डम्परचा रिव्हर्स हॉर्न कटकट करतो म्हणून वायरच तोडलेली. मागे उभं राहून इशारा देणाऱ्या पोराला चहा आणायला पिटाळायचे. १९९८ च्या केंद्रीय बांधकाम नियमांत हा हॉर्न सक्तीचा आहे म्हटलं, तर साहेब म्हणाले, "देवाने डोळे कशाला दिलेत?" आमच्या इंदुरात कचरागाडीसुद्धा गाणं वाजवत गल्लीत शिरते, आणि भरलेला डम्पर मुकाट मागे येतो!

तुम्ही मला आधी केबिनमध्ये बसवलंत. "उजवीकडे बघा, तुमचा माणूस दिसतो?" बूमच्या, म्हणजे बकेटच्या लांब हाताच्या, पलीकडे उभा असलेला आमचा धिप्पाड हेल्पर पिवळ्या जाकिटासकट गायब!

पण मनात राहिली ती चावी. बकेट जमिनीला टेकवलीत, सेफ्टी लिव्हर लावलात, इंजिन बंद केलंत. एवढं चांगले ऑपरेटर करतात. तुम्ही खाली उतरलात आणि चावी माझ्या तळहातावर ठेवलीत. ग्रीसने काळी झालेली, लाल वायरचा तुकडा बांधलेली. "तुमचं होईस्तोवर तुमच्यापाशी राहू द्या." वरून साहेब ओरडतायत, डम्पर खोळंबलेत, आणि तुम्ही निवांत तंबाखू मळत बसलेले.

ज्याच्या हातात ताकद आहे त्याने ती आपणहून दुसऱ्याच्या हवाली करावी, असं कुठे बघायला मिळतं? राजवाड्याच्या गर्दीत साधा स्कूटरवालासुद्धा पायी माणसाला हॉर्नने बाजूला सारतो. त्या हेल्परशी तुमची धड ओळखही नव्हती. त्याने घरी बायकोला चावीची गोष्ट सांगितली, तेव्हा ती म्हणे कितीतरी वेळ काही बोललीच नाही.

तुम्ही धुळ्याला गेल्यापासून नवा ऑपरेटर आलाय. काल त्याच्याकडे चावी मागितली. "विश्वास नाही का?" म्हणून कुरकुरला, पण दिली. परत आलात की रामबागेत घरी या. आई रोज विचारते.

तुमचा,
लेव्हलवाला